पाऊलुस शरण का गेला?

इतिहासाच्या तासाला गुरुजींनी दुसऱ्या महायुद्धातली स्टालिनग्राडची लढाई सांगितली. तेव्हापासून जर्मन सेनापती फ्रीडरिख पाऊलुस माझ्या डोक्यातून जात नाही.

१९४२ मध्ये तो रशियात व्होल्गा नदीकाठच्या या शहरापर्यंत पोचला. नोव्हेंबरात रशियन फौजांनी त्यालाच वेढा घातला. वेढा फोडून बाहेर पडू का, असं त्याने विचारलं. हिटलर नाही म्हणाला. विमानांनी रसद येईल म्हणे! रोज निदान ३०० टन माल हवा, येई जेमतेम १०० टन. थंडी तर हाडं गोठवणारी. शिपायांनी घोडे मारून खाल्ले.

३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरने त्याला फील्डमार्शल केलं, म्हणजे सैन्यातला सर्वांत मोठा हुद्दा दिला. आजवर एकही जर्मन फील्डमार्शल शरण गेला नव्हता. तेव्हा अर्थ सरळ होता, तू जीव दे. पाऊलुसने दिला नाही. दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या दुकानाच्या तळघरात तो पकडला गेला.

वर्गातली काही मुलं त्याला भित्रा म्हणाली. मला नाही पटत. पण रशियनांनी ८ जानेवारीलाच शरण या म्हणून कळवलं होतं, तेव्हा त्याने का ऐकलं नाही?

कैदेत असताना १९४४ पासून तो हिटलरविरुद्ध बोलू लागला. १९४६ मध्ये न्युरेंबर्गच्या खटल्यात साक्षही दिली. १९५३ मध्ये सुटला, पण बायको १९४९ मध्येच वारली होती. त्या वेढ्यातले सुमारे ९१ हजार शिपाई कैद झाले होते. त्यांतले घरी परतले फक्त पाच-सहा हजार, शेवटचे तर १९५५ मध्ये.