मंदावलेल्या गोळीची तहकीकात
अमेरिकेत रायफलीची काडतुसे घरीच भरणारे हौशी नेमबाज पुष्कळ; त्यांपैकी एखाद्यास, काडतुसांत दारू भरण्याच्या पुस्तिकेतील वेगाहून आपली गोळी सेकंदास शंभर-दीडशे फुटांनी मागे पडते असे वेगमापक यंत्रावर दिसले, की त्याचा पहिला संशय दारूवर जातो, आणि तो बहुधा अन्याय्य असतो. कारण पुस्तिकेतील आकडे पुष्कळदा २४ वा २६ इंची चाचणी-नळीतून काढलेले असतात, आणि आपल्या रायफलीची नळी २०-२२ इंचांचीच असली, तर इंचामागे साधारणतः २० ते ३० फुटांची वजावट, सरकारी साऱ्याप्रमाणे, चुकत नाही. कडाक्याच्या थंडीनेही काही दारूंचा जोर उतरतो. मात्र तूट भरण्यासाठी नमूद कमाल मर्यादेपलीकडे दारू वाढविणे हा निव्वळ अविचार होय, कारण तेथे वेग किंचित वाढतो आणि दाब झपाट्याने चढतो.