प्राणवायूची न्यूनता, श्वसननियंत्रण आणि सेरोटोनिन

रक्तातील प्राणवायू घटला की श्वसनाचा वेग व खोली वाढते, हे सर्वपरिचित आहे. मानेतील कॅरोटिड पिंड ही घट टिपतो आणि लंबमज्जेतील श्वसनकेंद्राला संदेश पाठवितो. मात्र न्यूनता संपताच श्वसन पूर्वपदावर येते, हे गृहीत नेहमीच खरे ठरत नाही. १९८० मध्ये मिलहॉर्न व सहकाऱ्यांनी मांजरांच्या कॅरोटिड सायनस चेतेस वारंवार उद्दीपित केले. उद्दीपन थांबल्यावरही श्वसनाचा वाढलेला जोर बराच काळ टिकून राहिला. सेरोटोनिनचे कार्य रोखले असता तो टिकला नाही.

वृत्तपत्रांनी ज्याला 'आनंदाचे रसायन' ठरविले आहे, तेच हे सेरोटोनिन. मस्तिष्कस्तंभातील राफे केंद्रकांतून निघणारे त्याचे तंतू मेरुरज्जूतील ज्या चेतापेशी श्वासपटल हलवितात त्यांच्यापर्यंत पोहोचतात. भूल दिलेल्या उंदरांना पाच-पाच मिनिटांची न्यूनता तीन वेळा, मध्ये विश्रांती ठेवून, दिली तर श्वासपटलाच्या फ्रेनिक चेतेची क्रियाशीलता तासभर वा अधिक काळ वाढलेली राहते. तेवढीच न्यूनता सलग दिली तर हा परिणाम दिसत नाही. म्हणजे न्यूनता किती, यापेक्षा ती कोणत्या लयीत आली, हे येथे निर्णायक ठरते.

२००१ मधील एक निष्कर्ष आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. सेरोटोनिनचे ग्राही न्यूनतेपूर्वी रोखले तर वाढ घडतच नाही. ती घडून गेल्यावर रोखले तर मात्र ती ओसरत नाही. सेरोटोनिन प्रक्रिया सुरू करून देते, टिकविण्याचे काम दुसरेच कोणी करते. २००४ मध्ये या संदर्भात बीडीएनएफ या प्रथिनाची नव्याने होणारी निर्मिती आवश्यक असल्याचे दाखविण्यात आले. चेतासंस्थेतील स्मृतीच्या अभ्यासकांना हे प्रथिन परिचितच आहे.

विषयाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. झोपेत अकस्मात दगावलेल्या अर्भकांच्या लंबमज्जेत सेरोटोनिन यंत्रणेचे दोष आढळल्याचे २००६ मध्ये, तर सेरोटोनिनचे प्रमाणच कमी असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पालथ्या झोपलेल्या बाळाच्या नाकातोंडाशी उच्छ्वासाची हवा साचली, तर निरोगी बाळ जागे होऊन मान वळविते वा धापा टाकून सावरते. दोष असलेल्या बाळात हा प्रतिसाद अपुरा पडत असावा, असे अनुमान आहे. कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही. बाळाला उताणे निजविण्याचा वैद्यकीय सल्ला मात्र या अनुमानावर अवलंबून नाही. तो त्याआधीच, मृत्यूंच्या नोंदींवरून दिला जाऊ लागला होता.