लंडनमधील ओळीचें घर

वऱ्हाडांतील जुना वाडा आंतल्या चौकांतून उजेड घेतो. लंडनमधील ओळीच्या घरास मात्र पुढची व मागची अशा दोनच बाजू मोकळ्या. उरलेल्या दोन भिंती शेजाऱ्यांशीं सामाईक. जॉर्ज राजांच्या कारकीर्दींत (१७१४–१८३०) ही पद्धति रूढ झाली. १६६६ च्या आगीनें धडा दिलाच होता. १७७४ च्या कायद्यानें घरांचे चार वर्ग करून भिंतींची जाडी नेमून दिली. त्यामुळें दर्शनी भागांस एकसारखेपणा आला.

व्हिक्टोरिया राणीच्या काळानें तोच सांचा पुढें चालविला. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें घर त्यांतलेंच. १९२१-२२ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर येथें राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें शिकत होते. २०१५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें तें विकत घेतलें.

पुढें पेंच पडला. राहतें घर संग्रहालय केल्यास वस्तीची जागा घटेल, म्हणून स्थानिक कौन्सिलनें परवानगी नाकारली. सामाईक भिंतीपलीकडील शेजाऱ्यांसही वर्दळीची धास्ती होती. जाहीर चौकशीअंतीं मार्च २०२० मध्यें ब्रिटिश गृहनिर्माण मंत्र्यांनीं परवानगी दिली. ज्या घरांत एका विद्यार्थ्यानें अभ्यासाचे दिवस काढले, त्याचें दार अशा रीतीनें सर्वांस उघडें झालें.