किडनी ‘नाकारली’ म्हणण्याआधी तिची धमनी तपासा

प्रत्यारोपणाला चार-सहा महिने झाले, रक्तदाब गोळ्यांना जुमानेनासा झाला, पायांवर सूज आली, क्रिएटिनिन वर सरकू लागलं, की घरीदारी एकच निकाल लागतो : ‘शरीरानं किडनी नाकारली, आता पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर.’ भंडारा जिल्ह्यातल्या रुग्णाला प्रत्यारोपणासाठी आणि नंतरच्या तपासण्यांसाठी बहुधा नागपूर गाठावं लागतं. एखादी फेरी लांबली की तोवर हा निकालच निदान होऊन बसतो. तो पुन्हा पुन्हा ऐकून चीड येते, कारण नव्या किडनीला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाली तरी नेमकी हीच लक्षणं दिसतात, आणि वेळेत सापडली तर ती धमनी बहुतेकदा पुन्हा मोकळी करता येते. हा प्रकार दुर्मीळही नाही. २००४ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी’मध्ये आलेल्या आढाव्यात त्याचं प्रमाण १ ते २३ टक्के दिलं आहे. ‘अरुंद’ कशाला म्हणायचं आणि शोध किती कसून घेतला, यावर आकडा बदलतो. बहुतेक रुग्णांत हा अडथळा प्रत्यारोपणानंतर ३ महिने ते २ वर्षांत लक्षात येतो.

नवी किडनी मूळ किडन्यांच्या जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटात एका बाजूला ठेवून तिची धमनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला शिवतात. त्या शिवणीपाशी किंवा जवळपास आतलं अस्तर जाड झालं की वाट आक्रसते. गोसीखुर्द धरण भरलेलं असूनही कालव्यात मध्येच गाळ साचला की टोकाचं शेत कोरडं राहतं, तशी अंगभर रक्त खेळत असताना ही किडनी उपाशी राहते. मग ती रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी अंगात साठतं आणि रक्तदाब चढतो. किडनीतली गाळणी चालू राहते तीही याच अँजिओटेन्सिनच्या दाबावर. म्हणून अशा रुग्णानं औषधाच्या दुकानातून परस्पर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणून सुरू केलं तर तो आधार निघून जातो आणि क्रिएटिनिन झपाट्यानं चढू शकतं. ‘बीपीची कोणतीही गोळी चालते’ हा समज म्हणूनच घातक आहे. ही औषधं वाईट नाहीत, प्रत्यारोपणानंतरही ती दिली जातात. पण ती सुरू केल्यावर रक्ततपासणी करावीच लागते.

यावर कुणी म्हणेल, रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणंही होतंच की. होतं, आणि डॉक्टर त्याचा विचार आधी करतात ते योग्यच आहे. रिजेक्शन रोखण्यासाठी दिलेल्या टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइडमुळेही रक्तदाब वाढतो. मुद्दा इतकाच की लक्षणांवरून यांतलं काय आहे ते ठरत नाही. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय गटानं २००९च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्यारोपित किडनीचं काम बिघडल्यास सोनोग्राफीचा समावेश सुचवला आहे. तिच्यातला डॉपलर रक्ताचा वेग मोजतो; त्याला ना सुई लागते, ना डाय. संशय बळावला तर अँजिओग्राफी, आणि रिजेक्शनची खात्री करायला बायोप्सी. रिजेक्शनच निघालं तरी त्यावर औषधं आहेत. मशीन हा पहिला टप्पा नव्हे.

दुसरा आक्षेप वाचलेल्या माणसाचा असतो : किडनीच्या धमनीत स्टेंट घालून उपयोग होत नाही, हे अभ्यासांनी दाखवलंय ना? २००९चा ‘अ‍ॅस्ट्रल’ आणि २०१४चा ‘कोरल’ या दोन्ही चाचण्यांत औषधांपेक्षा स्टेंट सरस ठरला नाही, हे खरं. पण ते रुग्ण स्वतःच्या मूळ किडन्यांवर जगणारे होते आणि त्यांच्या धमन्या चरबीच्या थरांनी वर्षानुवर्षं कडक झालेल्या होत्या. प्रत्यारोपणात सारा भार बहुधा एकाच किडनीवर असतो आणि अडथळा बहुतेकदा शिवणीजवळच्या छोट्या भागात असतो. तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. फुग्यानं धमनी रुंदावून गरजेनुसार स्टेंट बसवल्यावर अनेकांचा रक्तदाब आटोक्यात येतो, क्रिएटिनिन उतरतं. काहींची धमनी पुन्हा अरुंद होते, म्हणून डॉपलर नंतरही लागतो.

‘सर्जनची शिवण चुकली’ हेही लगेच बोललं जातं. पण दात्याचं वय, त्याच्या धमनीतले जुने थर आणि सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग यांचाही वाटा असतो. आईनं किंवा भावानं दिलेल्या किडनीत हे होत नाही, असं मानू नये. नवी किडनी असलेल्या कुशीवर झोपल्यानं धमनी अरुंद होत नाही. जखम पूर्ण भरल्यावर वाकल्यानं शिवण सुटत नाही, त्यामुळे रोवणीत वाकायची भीती नको. धोका बांधीतल्या चिखलाचा आहे : प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते आणि पायाच्या भेगेतून जंतू आत जातात. म्हणून चिखलात उतरण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टला विचारावं.