यंत्राचे वाचन आणि उजनीकाठची गावे

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या त्या जलाशयाच्या पोटात करमाळा तालुक्यातील व पलीकडच्या इंदापूर तालुक्यातील कित्येक जुनी गावठाणे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ पुन्हा दृष्टीस पडते. परंतु घरे, पार आणि वेशी काही परत येत नाहीत. त्यांचा ठावठिकाणा आता मुख्यतः कागदावरच उरला आहे: राजपत्रातील भूसंपादनाच्या अधिसूचना, जिल्ह्याचे गॅझेटियर आणि जुनी वृत्तपत्रे यांत. हे छापील कागद हल्ली संगणकाकडून वाचून घेतले जातात. धरणग्रस्ताच्या नातवाने गावाचे नाव टंकलिखित करावे आणि हजारो पानांतून नेमके पान क्षणात पुढे यावे, हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र यंत्र वाचताना चुकते. का चुकते, हे समजून घेतल्यावाचून त्याच्यावर विसंबणे हिताचे नाही.

मनुष्य अक्षर पाहतो. यंत्र प्रथम केवळ ठिपके पाहते. पानाचे छायाचित्र घेतले म्हणजे बहुधा एका इंचात तीनशे ठिपके पडतात, आणि प्रत्येक ठिपक्याचा काळेपणा एका अंकाने दर्शविला जातो. त्यावरून काळे ती शाई व पांढरा तो कागद, असा निवाडा यंत्र करते. तिरपे पान सरळ करते व ओळी वेगळ्या काढते. पूर्वीच्या पद्धतीत यानंतर शिरोरेषा पुसून अक्षरे सुटी करीत आणि प्रत्येक अक्षर साठविलेल्या नमुन्यांशी ताडून पाहत. नवी पद्धत निराळी आहे. टेसरॅक्ट नावाच्या प्रणालीचा आरंभ १९८५ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत झाला. ती २००५ साली सर्वांस खुली झाली, आणि २०१८ च्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून ती सबंध ओळच एकसलग वाचू लागली. हजारो ओळी व त्यांचे शुद्ध पाठ दाखवून तिला शिकविले जाते. मराठीही ती वाचते.

आता चुका कोठे होतात ते पाहू. देवनागरीत भ आणि म, तसेच घ आणि ध, यांतील भेद मुख्यतः डोक्यावरच्या गाठीत व शिरोरेषेच्या तुटकपणात असतो. शाई पसरली अथवा खिळा झिजला, की तो भेद मिटतो आणि ‘भीमा’ची ‘मीमा’ होते. ख हे अक्षर र आणि व यांच्या जोडीसारखे दिसते. म्हणून खातगावचे ‘रवातगाव’ होऊ शकते. अनुस्वार हा तर एक बिंदू. कागदावरचे डाग पुसताना यंत्र त्यालाही डाग समजून पुसते, आणि कंदर गावाचे ‘कदर’ होते. उलट, वाळवीचे बारीकसे छिद्र अनुस्वार होऊन बसते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अक्षर अस्पष्ट असेल तेथे यंत्र आपल्या परिचयाच्या शब्दांकडे झुकते. सामान्य वाक्यात त्याचा उपयोग होतो. विशेषनामांत मात्र घात होतो. टाकळी हे गाव यंत्राच्या फारसे ओळखीचे नसते. ‘टाकली’ हे क्रियापद पदोपदी भेटलेले असते. मग ‘मौजे टाकळी’चे ‘मौजे टाकली’ होते, आणि वरवर वाचणाऱ्यास त्यात काही वावगेही दिसत नाही. अंकांच्या बाबतीत तर शब्दार्थाचा आधारच नाही. १ आणि ९ यांत गोंधळ झाला, तर अकरा नंबरचा सर्व्हे एक्क्याण्णवावा होतो, एका शेतकऱ्याची जमीन दुसऱ्याच्या नावापुढे दिसते, आणि दोन्ही आकडे सारखेच खरे वाटतात.

कधी कधी यंत्र अचूक वाचते, तरीही गाव सापडत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ‘गांव’ या शब्दावर अनुस्वार देत असत. जुन्या छापील पानावर ‘कुगांव’ असेल आणि शोधणाऱ्याने ‘कुगाव’ लिहिले, तर साधा शोध रिकाम्या हाताने परततो. तेथे दोष यंत्राच्या डोळ्यांचा नसून, काळाबरोबर बदललेल्या लेखनरीतीचा असतो.

यावर उपाय आहेत, आणि ते छापखान्याच्या जुन्या शिस्तीतलेच आहेत. खिळे जुळविणारा कितीही निष्णात असला, तरी मुद्रितशोधकावाचून फर्मा छपाईस जात नसे. मराठी विकिस्रोतावर पानाचे चित्र व यंत्राने वाचलेला पाठ शेजारी शेजारी ठेवून एक जण दुरुस्ती करतो व दुसरा ती पडताळतो. शोध घेणाऱ्यानेही नाव अनुस्वारासह व अनुस्वाराविना, ळ-काराने व ल-काराने शोधावे, आणि अंक तर मूळ चित्रावरून ताडल्यावाचून मुळीच स्वीकारू नये. यंत्राने वाचलेला पाठ ही मूळ पानाकडे नेणारी वाट आहे. तो मूळ पानाच्या जागी बसत नाही. म्हणून कागद वाचून झाला, आता तो रद्दीत टाकण्यास हरकत नाही, असे कोणी म्हटल्यास त्याचा हात धरावा. जी गावे एकदा पाण्याखाली गेली, ती एका पुसलेल्या बिंदूपायी दुसऱ्यांदा बुडू नयेत.