तळपायातला ‘उसळता झरा’ नेमका कुठे असतो?

आषाढी वारीत माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामी असते, तेव्हा पुणेकर वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देतात. अनेक घरांत झोपताना तळपायाला काशाची वाटी घासतात. अशा वेळी हमखास दाबला जाणारा एक बिंदू ॲक्युपंक्चरमध्ये महत्त्वाचा मानतात.

कुठे असतो? त्याचे चिनी नाव ‘योंगच्युआन’, म्हणजे उसळता झरा. पायाची बोटे खाली वाकवली की तळव्याच्या पुढच्या भागात खळगा पडतो, तिथे हा बिंदू आहे. आयुर्वेदातले तलहृदय मर्मही तळव्यातच, मधल्या बोटाच्या रेषेत सांगितले आहे.

उपयोग काय? परंपरेनुसार झोप न लागणे, डोकेदुखी, चक्कर यांसाठी तो वापरतात. पाय चोळल्याने आराम वाटतो. पण आजार बरा होतो, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही.

कसा दाबावा? अंगठ्याने, सोसेल इतकाच, मिनिटभर. सुई घरी टोचू नये. राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. उपचारकाची नोंदणी आधी तपासावी.

कोणी जपावे? मधुमेहात तळपाय बधिर होतात, जखम झालेली कळत नाही. अशांनी जोरात दाबू किंवा घासू नये, रोज तळवे तपासावेत. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर न चोळता डॉक्टर गाठावा. गर्भवतींनी आधी विचारून घ्यावे. कोणी बेशुद्ध पडले तर बिंदू शोधत बसू नये, १०८ला फोन करावा.