शिथिल न होणारे हृदय
जिना चढताना धाप लागते, दोन-तीन उशांवाचून रात्री झोप येत नाही, संध्याकाळी पावलांवर सूज चढते, अशी कैफियत घेऊन साठी उलटलेली एखादी गृहिणी टू-डी इको करून येते, आणि अहवालावरील 'पंपिंग ६० टक्के' हा शेरा वाचून घरातील मंडळी निश्चिंत होतात. तिची धाप मात्र जागची हलत नाही. रुग्णाची जबानी खरी असते, आकडाही खरा असतो. चूक एवढीच घडते की, हृदयाच्या अर्ध्या कामाचा दाखला आपण संपूर्ण कामाचा म्हणून स्वीकारतो.

मिनिटाला ७५ ठोके धरले तर प्रत्येक ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यांपैकी आकुंचनाच्या वाट्याला सुमारे ०.३ येतात आणि उरलेला काळ प्रसरणाचा, म्हणजे रक्त भरून घेण्याचा असतो. हे प्रसरण म्हणजे स्वस्थ विश्रांती नव्हे. स्नायूंतील कॅल्शियम परत कोठारात ओढून घेण्यासाठी पेशींना ऊर्जा खर्चावी लागते, आणि तेव्हाच निरोगी निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, वरच्या कप्प्यातील, अर्थात अलिंदातील, रक्त जणू शोषून घेतो. वार्धक्य, वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, स्थूलता यांनी त्याच्या भिंती ताठरल्या म्हणजे आत आलेल्या रक्ताचा ६० टक्के भाग तो बाहेर टाकतोच, परंतु ते आत घेण्यासाठी त्याला वाढीव दाब लागतो, आणि तो दाब मागे अलिंदात व तेथून फुप्फुसांत साचतो. जिन्यावर ठोके वाढून भरण्याचा अवधी आखूड होतो, म्हणून धाप तेथेच लागते. हार्ट फेल्युअरच्या सुमारे निम्म्या रुग्णांत पंपिंग असे शाबूत असते.

हा दाब बाहेरून ताडण्याचे साधनही इकोच. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली इंगे एडलर या वैद्याने आणि हेलमुथ हर्ट्झ या भौतिकीविदाने, धातूतील दोष शोधण्यासाठी माल्मोच्या जहाजगोदीत वापरले जाणारे यंत्र आणून हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. त्यांत पुढे डॉप्लरच्या तत्त्वाची भर पडली आणि भिंतींच्या जोडीला रक्ताचा वेगही मोजता येऊ लागला.

या वेगाच्या आलेखावर दोन लाटा उमटतात: निलय सैल होताच येणारी 'ई', आणि अखेरीस अलिंदाच्या आकुंचनाने येणारी 'ए'. तरुणपणी 'ई' उंच असते. शिथिलीकरण मंदावले की ती खुजी होते व 'ए' वर चढते. खरी फसगत यापुढे आहे. विकार बळावून अलिंदातील दाब वाढला की त्या दाबानेच रक्त जोराने खाली येते, 'ई' पुन्हा उंचावते, आणि आलेख निरोगी माणसाच्या आलेखासारखा दिसू लागतो. एवढ्या पुराव्यावर निकाल देणे मला धोक्याचे वाटते. म्हणून रक्ताऐवजी स्नायूलाच साक्षीला बोलावतात: झडपेच्या पायथ्याचे कडे ज्या वेगाने मागे सरते, त्या 'ई-प्राइम'ला वाढलेला दाब सहसा सावरू शकत नाही. 'ई'ला त्याने भागून सरासरी १४ हून अधिक आली, अलिंदाचे आकारमान शरीराच्या प्रतिचौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरच्या पुढे गेले, उजव्या झडपेतून परतणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २.८ मीटरहून वाढला, की संशय दृढ होतो. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ई-प्राइमचा मंद वेग धरून असे चार निकष होते. त्यांपैकी तीन किंवा चारही जुळले तर विकार, नेमके दोनच जुळले तर निकाल तहकूब.

उलटपक्षी, वृद्धाच्या अहवालावर 'ग्रेड वन', म्हणजे शिथिलीकरण मंदावल्याची पहिली पायरी, हा शेरा पाहून हवालदिल होण्याचे कारण नाही. पुष्कळ वृद्धांत तो आढळतो, आणि धाप, सूज यांची साथ नसेल तर तेवढ्यावरून हार्ट फेल्युअर ठरत नाही. ज्यांच्यात ते ठरते त्यांच्यासाठी आता उपायही आहे: मूळच्या मधुमेहावरील एम्पाग्लिफ्लोझिन व डापाग्लिफ्लोझिन या औषधांनी इस्पितळात दाखल होण्याची वेळ कमी येते, हे २०२१ व २०२२ मधील मोठ्या चाचण्यांत दिसून आले.

तरीही एक अडचण राहतेच. इको होतो तो रुग्ण कुशीवर स्वस्थ पडलेला असताना, आणि धाप लागते ती जिन्यावर. म्हणून निकाल तहकूब राहिलेल्या रुग्णाला काही केंद्रांत सायकलचे पायडल मारायला लावून, ठोके वाढलेले असतानाच प्रोब पुन्हा छातीवर टेकवतात, आणि विकार असेल तर विश्रांतीत दबून राहिलेला 'ई' व 'ई-प्राइम'चा तो भागाकार तेव्हा सहसा वर चढताना दिसतो.